रोव्हरचे ‘फिक्स’ आणि बांधाची हद्द

जमीन मोजणीच्या कामात रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून जागा ठरवणारे फिरते यंत्र, आता रुळला आहे. साखळी आणि प्लेन टेबल घेऊन दिवसभर राबावे तेव्हा जी हद्द हाती यायची, ती आज काही तासांत दाखवता येते. याचा आनंद आहेच. पण पडद्यावर ‘फिक्स’ उमटले की लगेच खूण रोवायची, ही सवयही वाढते आहे आणि तिची आम्हाला काळजी वाटते.

रोव्हर मुळात वेळ मोजतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहाचा संदेश सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात खाली पोचतो. त्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतर ३० सेंटिमीटरने चुकते. उपग्रहावर अणुघड्याळ असते, आपल्याकडे साधे. म्हणून तीन सहनिर्देशकांबरोबर आपल्या घड्याळाची चूकही सोडवावी लागते आणि किमान चार उपग्रह लागतात.

सेंटिमीटरची अचूकता येते ती ज्ञात जागी कायम चालू असलेल्या कॉर्स स्थानकाकडून मिळणाऱ्या दुरुस्तीमुळे आणि वाहक लहरीच्या मोजणीमुळे. जीपीएसच्या एल-१ या वाहक लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. उपग्रह आणि अँटेना यांच्यामध्ये अशा पूर्ण लहरी किती, हे पूर्णांकात सुटले की ‘फिक्स’, नाही तर ‘फ्लोट’. आंब्याच्या दाट सावलीत किंवा पत्र्याच्या शेडजवळ परावर्तित संदेश मिसळतात, पूर्णांक चुकीचा सुटू शकतो, आणि पडदा तरीही ‘फिक्स’च म्हणतो. शंभर मीटरच्या बांधावर एक मीटरची चूक म्हणजे जवळपास एक गुंठा. एवढ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात.

त्याहून अवघड प्रश्न जुन्या अभिलेखाचा. टिपणातली मापे जागेवरच्या दगडांना धरून घेतलेली. रोव्हरचे सहनिर्देशक अवघ्या पृथ्वीच्या चौकटीतले. त्या चौकटीत भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो, म्हणून मोजणीची तारीखही महत्त्वाची. शिवेवरचे टिकलेले दगड शोधून त्यांच्याशी ताळा जुळवल्याशिवाय केलेली मोजणी, तिचे आकडे कितीही बारीक असोत, आम्ही अपुरीच मानतो.

भूकरमापक मित्रांना विनंती आहे: काम सुरू करताना आणि आवरताना रोव्हर ज्ञात बिंदूवर धरा. वादातली प्रत्येक खूण काही वेळाने, नव्याने ‘फिक्स’ घेऊन, पुन्हा मोजा. आलेला फरक मोजणीच्या कागदावर लिहा, आणि तो जास्त असेल तर त्या दिवशी खूण रोवू नका.