नेढ्यापर्यंत... आणि परत!

पावसाळा सरला की रात्री अकरानंतर हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये ट्रेकचे बेत शिजायला लागतात. यंदा बहुमत रतनगडाकडे झुकलंय, आणि त्याला कारण एकच, नेढं! सुईच्या भोकाला आपण नेढं म्हणतो, आणि डोंगराच्या कातळात आरपार पडलेल्या भोकालाही तेच नाव. त्यात बसून फोटो काढायचा, हे पक्कं झालंय. गाडीभाडं, वर्गणी, बिस्किटं, सगळ्याचा हिशेब झालाय. परत किती वाजता फिरायचं, हे मात्र कोणी विचारलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की, ते आधी ठरवा. बाकीचं मग.

मी पांढरकवड्याचा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं, टिपेश्वर अभयारण्याच्या शेजारचं गाव. आमच्याकडे सह्याद्री नाही, पण ऊन आहे! मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला, तरी कोणाला त्याचं नवल वाटत नाही. घराबाहेर पडणाऱ्याच्या डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि मागून हुकूम, "दहाच्या आत घरी ये बे!" म्हणजे निघण्याआधीच परतीची वेळ ठरलेली. उन्हापुढे मर्दुमकी चालत नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि दगड म्हणाल तर तो तुमचा-आमचा एकच. पांढरकवडा-वणी भागात शिबला-पार्डीजवळ बेसॉल्टचे खांब सापडल्याची बातमी 2021 मध्ये आली होती. ते खांब आणि रतनगडाचा कातळ, दोन्ही दख्खनच्या लाव्हाचेच. काही कोटी वर्षं वारा, पाणी आणि तापणं-निवणं सोसून कातळाचा कच्चा भाग झिजला, पक्का टिकला, आणि नेढं तयार झालं.

आता गणित मांडू. रतनगड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे. पायथ्याला रतनवाडी आणि तिथलं अमृतेश्वराचं देखणं मंदिर. वाट प्रवरेचं पात्र ओलांडत दाट जंगलातून चढते. शेवटी लोखंडी शिड्या, मग दरवाजा, आणि नेढं त्याच्याही वर, गडमाथ्यावर. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि जंगलात अंधार त्याआधीच पडतो. म्हणून पाचला गावात पोचायचं. आपल्यासारख्या नवख्या गटाला उतरायला तीन तास धरा, शिडीवर एका वेळी एकच माणूस म्हणून अर्धा तास आणखी. म्हणजे दीडला नेढ्यातून निघायचं. चढायला चार तास आणि वर तासभर धरला, तर साडेआठच्या आत पायथा सोडायलाच हवा. साताला निघालात तर उत्तम. माणशी तीन लिटर पाणी, टॉर्च, मेसमधून बांधून घेतलेल्या पोळ्या, आणि गावातला एक वाटाड्या. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.

अमेरिकेत युटाच्या वाळवंटात 'डेलिकेट आर्च' नावाची प्रसिद्ध कमान आहे. जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर, तरी तिथलं उद्यान माणशी किमान दोन लिटर पाणी न्यायला सांगतं, कारण वाटेत सावली नाही. त्याच उद्यानातल्या 'लँडस्केप आर्च'मधून 1991 मध्ये मोठी शिळा निसटली. खाली बसलेले लोक धावले म्हणून वाचले, आणि कमानीखालची वाट कायमची बंद झाली. 2008 मध्ये 'वॉल आर्च' तर अख्खी कोसळली. तेव्हा आपल्या नेढ्यात बसा, वारा खा, पण कडेला लोंबकळणं आणि वरच्या कातळावर चढणं नको.

काहीजण म्हणतील, "एवढा प्लॅन केला तर मजा काय राहिली? आणि एवढ्या लांब येऊन नेढं न बघताच परतायचं?" हो, परतायचं! दीड वाजला तेव्हा शिडीपाशी असाल तर शिडीपासून परत. कारण प्रत्येक गटात एक मित्र असतो, ज्याचा बूट चावतोय, पाणी संपलंय, पोटात कळ येतेय. तो बोलत नाही. बोलला तर वर्षभर मेसमध्ये त्याची टिंगल होणार, हे त्याला ठाऊक असतं. मग तो दात-ओठ खात चालतो, आणि उतरताना, अंधारात, नेमका त्याचाच पाय घसरतो. परतीची वेळ आधीच ठरलेली असली की त्याला तोंड उघडावं लागत नाही. 'परत फिरू' हे घड्याळ म्हणतं, तो नाही! वरच्या उत्साहात ही वेळ कोणालाच ठरवता येत नाही. खाली, कॉटवर बसून, डोकं थंड असतानाच ती ठरते.

म्हणून एक सुचवतो. निघण्याच्या आदल्या रात्री एका कागदावर तीन ओळी लिहा: कोण कोण जातंय, कोणत्या वाटेने, आणि किती वाजता परत फिरणार. एक प्रत रेक्टर सरांकडे द्या, एक खिशात ठेवा. सरांनाही विनंती, कागद घेताना लेक्चर देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी पोरं न सांगताच जातील.

नेढं कुठे पळून जात नाही. यंदा राहिलं तर पुढच्या दिवाळीनंतर जाऊ, पण सगळेच्या सगळे!