साधन कोणाच्या सोयीचे?

मार्च २०२० मध्ये मोझिला या संस्थेने आपले आयआरसीवरील संभाषणकेंद्र बंद केले. फायरफॉक्स हा न्याहाळक घडविणाऱ्या या संस्थेत अभियंते आहेत, तसेच संगणकाची भाषा न जाणणारे भाषांतरकार आणि हौशी कार्यकर्तेही आहेत. फायरफॉक्स मराठीत उपलब्ध झाला तो अशा स्वयंसेवकांच्याच श्रमांमुळे. इतक्या भिन्न मंडळींनी एकमेकांशी बोलायचे कोठे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो सभासदत्वाचा प्रश्न आहे.

आयआरसीचा जन्म १९८८ साली फिनलंडमध्ये झाला. कमी साधनांत चालणे आणि कोणा एका कंपनीची मालकी नसणे, हे त्याचे मोठे गुण. परंतु जाणत्यांना जे साधे वाटते ते नवख्याला साधे असतेच असे नाही. जोडणी कशी करावी, आज्ञा कोणत्या द्याव्यात, हे ठाऊक असल्याखेरीज तेथे पाऊल ठेवणे अवघड होते. ओळख पटविण्याची सक्ती नसल्याने त्रास देणाऱ्यांना आवर घालणेही कठीण. एप्रिल २०१९ मध्ये स्थलांतराचा मनोदय जाहीर करताना मोझिलाच्या बाजूने याच दोन उणिवांवर बोट ठेवण्यात आले.

मग सर्वांच्या परिचयाचे साधन का घेऊ नये? व्हॉट्सअ‍ॅप वेगळे शिकावे लागत नाही, हे खरे. परंतु सोय देणारा मालक अटीही ठरवितो. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने गोपनीयतेच्या नव्या अटी पुढे करताच असंख्य लोक सिग्नल व टेलिग्रामकडे वळले. सप्टेंबर २०२२ पासून स्लॅकने विनामूल्य वापर करणाऱ्या गटांना केवळ ९० दिवसांचेच संभाषण दिसेल असे ठरविले. ज्यांनी वर्षानुवर्षांचे दप्तर तेथे साठविले होते, त्यांना या निर्णयात मत नव्हते.

खुल्या साधनांवरही संकट येते. आयआरसीच्या फ्रीनोड या मोठ्या जाळ्याच्या ताब्यावरून मे २०२१ मध्ये वाद पेटला. तेथील स्वयंसेवक व्यवस्थापकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट हे नवे जाळे उभारले. विकिमीडिया आणि उबुंटू यांचे समुदाय तिकडे गेले. पद्धती खुली असल्याने सदस्यांना हातातले साधन बदलावे लागले नाही. केवळ पत्ता बदलला. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

मोझिलाने चार पर्याय पारखून डिसेंबर २०१९ मध्ये मॅट्रिक्सची निवड केली. निरनिराळ्या संस्थांची केंद्रे येथे ई-मेलप्रमाणे परस्परांशी जोडता येतात. हे साधनही निर्दोष नाही. त्यातील गुप्ततेच्या किल्ल्या सांभाळताना नवखा माणूस गोंधळतो. त्याला हात देणारे कोणी नसेल, तर खुलेपणा कागदावरच राहतो.

तेव्हा कोणत्याही मिश्र समुदायाने निवड करताना दोन कसोट्या लावाव्यात. तंत्राशी सर्वांत कमी परिचय असलेल्या सदस्याला आत येता येते काय? आणि उद्या मालक वा धोरण बदलल्यास सर्वांना आपल्या दप्तरासह बाहेर पडता येईल काय? पहिलीकडे दुर्लक्ष झाले की तंत्रज्ञ एका दालनात निर्णय घेतात आणि बाकीच्यांना ते दुसऱ्या दालनात केवळ कळविले जातात. दुसरीकडे दुर्लक्ष झाले की दोघेही परक्याच्या घरातले भाडेकरू होतात. बहुमताच्या सवयीवर किंवा जाणत्यांच्या आवडीवर ही निवड सोडून देणे, हा समुदायाने आपल्याच दुबळ्या घटकाशी केलेला अन्याय होय.