बॅग कोण उचलणार?

परवा चार दिवस माहेरी, लोणी भापकरला गेले होते. संध्याकाळी मल्लिकार्जुनाचं दर्शन घेऊन आम्ही सगळ्याजणी पुष्करणीच्या पायऱ्यांवर टेकलो. आठवीतली भाची मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली होती. चुलतीने डोकावून विचारलं, "व्हय गं, ही पोरगी काठी घिऊन काय करतीय? इटीदांडू हाय का?"

तो गोल्फ होता! आणि ती पोरगी म्हणजे बंगळूरची अदिती अशोक. टोकियो ऑलिंपिक, ७ ऑगस्ट २०२१. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्याचं सुवर्ण जिंकलं, म्हणून ती तारीख सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या सकाळी ज्यांना गोल्फमधलं ओ का ठो कळत नव्हतं, अशाही कितीतरी जणी टीव्हीपुढे बसल्या होत्या. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेली ही मुलगी जगातल्या नंबर एकच्या नेली कोर्डाशी झुंजत होती. तिचा टोला बाकीच्यांइतका लांब जात नव्हता, पण चेंडू भोकाजवळ आला की हात जराही हलत नव्हता. शेवटी पदक हुकलं, तेही फक्त एका फटक्याने. नंबर चौथा!

मला मात्र त्या दिवशी अदितीइतकीच तिच्यामागून चालणारी बाई आठवते. खांद्यावर मोठी बॅग, डोक्यावर टोपी, अंगात घामाने भिजलेला शर्ट. ती तिची आई, माहेश्वरी. गोल्फमध्ये खेळाडूची बॅग उचलणाऱ्याला कॅडी म्हणतात. नुसतं ओझं वाहायचं काम नाही ते. बॅगेत चौदापर्यंत काठ्या असतात. अंतर बघायचं, वारा बघायचं, योग्य काठी हातात द्यायची आणि फटका चुकला तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला अठरा वर्षांच्या अदितीची बॅग वडिलांनी उचलली होती, टोकियोत आईने.

यांच्या घरात आधी कुणी गोल्फ खेळलेलं नव्हतं. पाच वर्षांची असताना हॉटेलात नाश्ता करताना समोरचं मैदान तिला दिसलं आणि तिने हट्ट धरला. आई-वडिलांनी "हे आपलं काम नव्हे" म्हटलं नाही. २०१६ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी तिने इंडियन ओपन जिंकली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी हातातली सात फटक्यांची आघाडी गेली, तरी तिने रौप्य आणलं. गोल्फमध्ये हे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

आपल्या पुण्याचा उदयन मानेही टोकियोला खेळला. त्याला तर आधी जागाच नव्हती. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि अवघ्या काही आठवड्यांवर स्पर्धा असताना याचं नाव लागलं. बोलावणं येईल की नाही हे माहीत नसताना तयार राहायचं, हेही सोपं नाही.

आता कुणी म्हणेल, "बाई, गोल्फचं काय सांगता? तो श्रीमंतांचा खेळ!" खरंच आहे. आमचा हा सगळा जिराईत पट्टा. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथे हिरव्यागार गवताचं मैदान कुठून आणायचं? आणूही नये. पण मुद्दा मैदानाचा नाहीच, बॅगेचा आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर असल्याच दुष्काळी मातीत पळायला शिकली आणि २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. तिला कुठलं हिरवं गवत होतं?

तर आमची ही भाची पळते. तालुक्याला पहिली आली, आता जिल्ह्याला जायचंय. तिच्या भावाला क्रिकेटची बॅट मागितल्यावर आठ दिवसांत मिळाली. हिचे बूट तीन महिने "बघू" वर अडलेत. दादा वाईट नाही हो. म्हणतो, "पहाटे अंधारात पोरीला एकटीला कसं पाठवू?" त्याची काळजी खोटी नाही. पण त्या काळजीवर त्याने काढलेला उपाय एकच, खेळ बंद!

माझंही असंच झालं होतं. मी खो-खो खेळायचे. दहावीत सोबतीला कुणी नाही म्हणून सुटला. रागवावं असं कुणी नव्हतं, म्हणून मी कुणावर रागावलेही नाही. फक्त कुठे शिट्टी वाजली की अजून पाय थबकतात...

त्या रात्री जेवणं झाल्यावर भाचीने तो व्हिडिओ वहिनींना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मग विचारलं, "ही आई हाय व्हय तिची?" एवढंच. दुसऱ्या दिवशी पाचला मला जाग आली, तर वहिनी चुलीपुढे नव्हत्या. पायात चप्पल, हातात बॅटरी आणि पाण्याची बाटली घेऊन त्या लेकीमागून रस्त्याला लागल्या होत्या. सकाळचा चहा दादानेच ठेवला. जरा कडू झाला होता, पण प्यायला सगळ्यांनी!

बुटांचे पैसे मी ठेवून आले. जिल्ह्याला तिचा नंबर येईल, न येईल. चौथाही येईल. मैत्रिणींनो, लेकीने पदक आणलं की हार घालायला सगळं गाव येतं. त्याआधीची कित्येक वर्षं बॅग उचलायला कुणीतरी एक लागतं. तुमच्या घरात ती कोण उचलतंय, एवढं आज जरा बघा.