पदवीधर बौद्ध तरुण आणि शिष्यवृत्तीचा हक्क

आमच्या समाजातील एखादा मुलगा किंवा मुलगी एम. ए. अथवा एम. एस्सी. झाली म्हणजे वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? पुढील शिक्षणास पैसा लागतो व तो घरात नसतो. सरकारच्या योजना आहेत, परदेशी विद्यापीठांचाही पैसा आहे. तरीही तो आमच्या मुलांच्या हाती का पडत नाही, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिष्यवृत्ती हे कोणाचे उपकार नव्हेत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणासाठी, सरकारी पैशाची मागणी होती. 1944 साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचे मूळ या मागणीत आहे. दहा वर्षांनी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्तीही निघाली. ज्या समाजास शतकानुशतके पाटीला हात लावू दिला नाही, त्याच्या देण्याचा हा एक हप्ता आहे. तो मागताना मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

परंतु या देण्यास पहिली अट पडली ती धर्मांतराची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदूच असावा लागे. 1956 च्या 14 ऑक्टोबरला नागपुरास लाखो लोकांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि कायद्याच्या दृष्टीने ते त्या यादीबाहेर गेले. जणू त्रिशरण म्हणताच गावकुसाबाहेरची झोपडी गावात आली आणि पाणवठा खुला झाला! महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर 1960 साली येथील सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांस दिल्या. केंद्राला मात्र त्यासाठी 1990 साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत कित्येक प्रामाणिक बौद्धांनी दिल्लीच्या दारातील हक्क सोडला, पण कागदावर ‘हिंदू’ लिहिले नाही. त्यांच्या त्यागाची नोंद कोणत्याही खातेवहीत नाही.

आजही दाखल्याचा घोळ संपलेला नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढाच शब्द असला, तर केंद्राच्या योजनेसाठी तेवढ्याने भागत नाही. यादीतील मूळ जातीचे नाव दाखवावे लागते, त्यासाठी आजोबा-पणजोबांचे कागद शोधावे लागतात, आणि मग जातपडताळणीचा फेरा सुरू होतो. काही तेजस्वी तरुण आम्हांस विचारतात, ‘जी जात आम्ही टाकली, तिचे नाव अर्जावर लिहिणे हा बावीस प्रतिज्ञांचा भंग नव्हे काय?’ त्यांच्या मनातील सल आम्ही जाणतो. तरीही आमचे मत असे की, हे नाव अवश्य लिहावे. अन्याय ज्या नावाने झाला त्याच नावाने त्याची फिर्याद नोंदवावी लागते. फिर्यादीत गुन्ह्याचा उल्लेख केल्याने फिर्यादी गुन्ह्याचा पुरस्कर्ता ठरत नाही. धर्माच्या रकान्यात मात्र ‘बौद्ध’ असेच लिहावे. तेथे तडजोड नको. 1990 नंतर तशी सक्तीही उरलेली नाही.

दुसरा अडथळा अधिक गंभीर आहे. परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या जागा 125, त्यांपैकी अनुसूचित जातींसाठी 115. 2022 साली तिच्या नियमांत असे कलम घातले गेले की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास अथवा भारतातील समाजजीवन यांवरील संशोधनास ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण काय, तर या विषयांसाठी परदेशी जाण्याची गरज नाही! बाबासाहेबांनी 1916 च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, तो भारतातील जातींच्या उगमावर होता. हे कलम त्या काळी असते, तर बडोद्याच्या महाराजांचा पैसा त्या निबंधाच्या कर्त्यास मिळता ना. ज्यास जातीचा चटका बसला, त्याने जातीचा अभ्यास जगातील उत्तम ग्रंथालयांत बसून करू नये, यात कोणाचे हित आहे हे वाचकांनी ओळखावे. हे कलम रद्द झालेच पाहिजे आणि त्यासाठी आमच्या खासदारांनी लोकसभेत आवाज उठविला पाहिजे.

तिसरी गोष्ट वेळेची. मंजूर झालेला पैसा वेळेवर न येणे म्हणजे तो नाकारण्यासारखेच आहे. बाबासाहेबांनी हे स्वतः भोगले. 1913 च्या जूनमध्ये करार करून ते अमेरिकेस गेले, 1916 मध्ये लंडनला पोहोचले, आणि मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या स्नेह्याचे कर्ज घेतले, तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. लंडनची डी. एस्सी. 1923 साली मिळाली. एवढ्या मोठ्या माणसाची ही तीन वर्षे केवळ पैशापायी गेली. ‘बार्टी’च्या 2021 च्या तुकडीतील 861 संशोधकांना 2023 साली आझाद मैदानावर धरणे धरून बसावे लागले, कारण शिष्यवृत्ती 200 जणांनाच द्यावी असा घाट घातला गेला होता. आंदोलनापुढे सरकार नमले खरे, पण जे महिने ग्रंथालयात जावयाचे ते मैदानावर गेले, ते कोणी परत देणार आहे काय? 2025 च्या जुलैत केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी 106 जण निवडले गेले आणि पत्रे प्रथम 40 जणांनाच गेली. बाकीच्यांस सांगण्यात आले की, निधी उपलब्ध झाला तर पाहू. विद्यापीठाचे सत्र निधीसाठी थांबत नसते.

सरकारला एवढे बोल लावल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आमच्यातील शिकून वर आलेला वर्ग या बाबतीत उदासीन आहे, हे आम्ही दुःखाने नमूद करतो. जयंतीच्या मिरवणुकीस वर्गणी सहज जमते. पण परदेशी विद्यापीठाच्या अर्जाची फी, इंग्रजीच्या परीक्षेची फी, पारपत्राचा खर्च, हे सर्व शिष्यवृत्ती मंजूर होण्यापूर्वी खिशातून करावे लागते, आणि तेथेच आमचा हुशार मुलगा अडतो. त्यास हेही कोणी सांगत नाही की, अडचण कळविल्यास पुष्कळ विद्यापीठे अर्जाची फी माफ करतात. अमेरिकेत पीएच. डी. साठी घेतलेल्या विद्यार्थ्याची फी बहुधा विद्यापीठच सोसते व वर निर्वाहवेतनही देते, त्याबदल्यात त्याने शिकवावे किंवा संशोधनात साहाय्य करावे. हे ठाऊक नसल्याने कित्येकजण कर्ज काढून एखादी खर्चिक पदव्युत्तर पदवी पदरात पाडून घेतात. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीस दोन वर्षांच्या नोकरीचा अनुभव लागतो, म्हणून पदवीनंतरची नोकरी ही वाया गेलेली वर्षे समजू नयेत. ऑक्सफर्ड, रेडिंग व लंडनचे सोआस येथे फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. यांत जातीचा दाखला कोणी विचारत नाही. विचारतात ते, तुला काय शोधावयाचे आहे आणि ते तूच का शोधावेस.

नेमके हेच निवेदन लिहिताना आमची मुले कच्ची पडतात. याचे कारण बुद्धीची उणीव नव्हे. ज्यांच्या घरी तीन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्यांचा मसुदा जेवणाच्या पाटावर सुधारला जातो. आमच्या मुलाचा मसुदा वाचावयास घरात कोणी नसते. शिफारसपत्र मागावयास तो प्राध्यापकाकडे शेवटच्या आठवड्यात, संकोचत जातो, आणि दोन ओळींचे पत्र घेऊन परततो. ते तीन महिने आधी, आपल्या कामाचे टिपण हाती देऊन मागावे लागते. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांनी तर अनेकांस फसविले आहे. पदरचे पैसे मोजून छापलेला असा निबंध निवड समितीपुढे उपयोगी पडण्याऐवजी अंगाशीच येतो.

आमची सूचना साधी आहे. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांचे पीएच. डी. चे अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरावे लागतात. तेव्हा वर्षावास चालू असतानाच प्रत्येक मोठ्या विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. गावातील बौद्ध प्राध्यापक, वकील, अधिकारी यांनी तेथे बसून मुलांचे मसुदे वाचावेत, उत्पन्नाचा दाखला व जातपडताळणी कोठे अडली आहे ते विचारावे, आणि तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर स्वतः जावे. वर्गणीतील काही भाग अर्जाच्या खर्चासाठी बिनव्याजी द्यावा, शिकून आलेल्याने तो फेडावा म्हणजे पुढच्यास मिळेल. या आषाढी पौर्णिमेपासून जेथे हे काम सुरू होईल, तेथील कार्यकर्त्यांनी आम्हांस कळवावे. कोणत्या शिष्यवृत्तीची मुदत कधी संपते याचे कोष्टक आम्ही प्रत्येक अंकात छापू.