हिरवळ उतरली
आमच्या सोसायटीत या आठवड्यात हिरवळ चक्क ट्रकमधून उतरली. उरुळी कांचनच्या नर्सरीतून आलेल्या गुंडाळ्या सतरंज्यांसारख्या पटापट उलगडल्या आणि संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा त्यावर फोटोही काढून झाला. हौस आहे, असू दे. पण मला विचाराल (कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगतो), तर जूनच्या तोंडावर असं हिरवळीचं तयार कार्पेट घेणं म्हणजे चौरस फुटाच्या दराने अधीरपणा विकत घेणं. उतारावर, जिथे पहिल्या सरीतच माती वाहून जाते, तिथे कार्पेटच हवं; सपाट अंगणात कशाला? तिथे हरळीचं बी पेरा. ते इतकं बारीक की ग्रॅमभरात ३,०००हून जास्त दाणे. ते कोरड्या वाळूत मिसळून आधी उभं, मग आडवं फेकायचं, वर मातीचा जेमतेम थर, आणि पाणी झारीनेच; पाइपची धार सोडलीत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. दोन-तीन आठवडे कळ काढायची, बस. तेवढाही धीर नसेल तर गाठीच्या कांड्या वीत-वीतभर अंतरावर खोचा, पुढचं पाऊस बघून घेतो. हीच हरळी खणून काढताना शेतकऱ्यांच्या पिढ्या टेकीला आल्या, आणि आपण तिला पैसे मोजून पायघड्या घालतो! शिवाय कार्पेटच्या मातीतून लव्हाळा अनेकदा फुकटात येतो. वरून कितीही उपटा, खालची गाठ शाबूत असते, आणि खुरपायचे पैसे माळी वेगळे मागतो.