नातवाचा कोळी आणि माझा हिशोब



पुण्याला शिकणारा नातू दिवाळीला बीडला आला आणि म्हणाला, "आजी, मला टॅरंट्युला पाळायचाय." टॅरंट्युला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी! पहिल्यांदा पाळणाऱ्याने कोणता घ्यावा, हेही त्याने वाचून ठेवलं होतं. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा बरा, कारण तो संथ असतो. आपल्याकडचे झाडावर राहणारे चपळ, चावले तर फार दुखतं, म्हणून ते नकोत. हॉस्टेलवर परवानगी नाही, तेव्हा काचेची पेटी माझ्याकडे राहणार!

मी बी.कॉम. झालेली, आधी हिशोब मांडला. मादी वीस वर्षांहूनही जास्त जगते. तिचं खाणं जिवंत किडे. आठवड्याला दोन रातकिडे धरले तरी वर्षाला १०४, वीस वर्षांत २,०८०. आणि ते पेटीत सोडणार कोण? मी. कृत, कारित, अनुमोदित, तिन्ही दोष एकाच घरात.

शिवाय हे कोळी येतात कुठून? २०२१ मध्ये चेन्नईला कस्टमवाल्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर लहान कुप्यांत कापसात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी निघाले. आपल्या हौसेसाठी त्यांनी एवढा प्रवास करायचा!

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला 'बंध' आहे. मारणं तर दूरच, जीवाला कोंडून ठेवणंही दोषच. शिवाय कोळ्याला कुरवाळलेलं कळत नाही. हातातून पडला तर पोट फुटून मरतो. मग हे प्रेम कुणासाठी?

पण नातवाने एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. "आजी, पर्युषणाआधी तू जळमटं झाडतेस, तेव्हा त्यातल्या कोळ्यांचं काय होतं?"

त्याचं खरं होतं. आता मी आधी कोळी बघते, पेला उपडा ठेवून खालून कागद सरकवते आणि त्याला अंगणातल्या जास्वंदीवर सोडते. तेव्हा कुठे झाडू लावते. वेळ लागतो, पण हात हलका वाटतो.

नातवाला सांगितलं, "बाबा, मोठा झालास, निर्णय तुझा. पण माझ्या घरात पेटी नको." त्याने तोंड पाडलं. रात्री मात्र बॅटरी घेऊन मलाच अंगणात घेऊन गेला. जास्वंदीवर एक कोळी जाळं विणत होता. अर्धा तास आम्ही दोघं बघत उभे होतो.

तुमच्या घरातही मुलं असा हट्ट धरतील. नुसतं "शी!" म्हणू नका. आधी त्यांच्यासोबत हिशोब मांडा, आणि आपल्या झाडूचाही त्यात धरा.