मुचकुंदाची झोप आणि दाराची कडी

दिवाळीच्या पहाटे घरातल्या लहानथोरांना उठवणे हे गृहिणीचे जुने काम, आणि उठताना कुरकुर करणे हा उठणाऱ्यांचा जुना हक्क. अलीकडे मात्र घरोघरी एक नवा सभासद आला आहे. त्याचे नाव लॅपटॉप. झाकण मिटले की तो निजतो. पण कधी मध्यरात्री आपणहून जागा होऊन पंखा घरघरवतो, कधी सकाळी कितीही हलवा, डोळे उघडत नाही, आणि उघडलेच तर आधी विचारतो, ‘तुम्ही कोण?’ पुराणातल्या मुचकुंदाची झोपमोड करणारा जळून खाक झाला होता. लॅपटॉपला उठवणारा मनातल्या मनात जळतो, एवढाच फरक.

“काय राजेहो, आताच त पासवर्ड टाकला, चाय पिऊन आलो त पुन्हा इचारते!” ही तक्रार अमरावतीच्या राजापेठेत ऐका की अकोल्याच्या जठारपेठेत, सूर एकच. तेव्हा या अंकात विंडोज चालणाऱ्या लॅपटॉपच्या झोपेचाच विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की या यंत्राची झोप दोन प्रकारची आहे. एकीला ‘स्लीप’ म्हणतात. हिच्यात पडदा विझतो. पण चालू काम ज्या स्मृतीत असते तिला बॅटरीतून थोडी थोडी वीज मिळतच राहते. दुसरी ‘हायबरनेट’. हिच्यात सगळे काम डिस्कवर उतरवून यंत्र पुरते थंड होते. वीज लागत नाही, उठायला मात्र थोडा अधिक वेळ घेते. पहिली म्हणजे दुपारची डुलकी, दुसरी म्हणजे रात्रीची गाढ झोप.

हा भेद आपल्याकडे फार महत्त्वाचा. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि वीज केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. लॅपटॉप जुना, बॅटरी थकलेली, म्हणून तो सदोदित वायरीला जोडलेला. अशा वेळी त्याला नुसते ‘स्लीप’मध्ये ठेवून कोणी जेवायला बसले आणि वीज गेली, तर अर्धा लिहिलेला प्रबंध न जपल्यास गेलाच म्हणून समजा. म्हणून उठण्यापूर्वी काम जपून ठेवावे, आणि लांब विश्रांतीसाठी हायबरनेटच निवडावे. हा पर्याय पुष्कळदा यादीत दिसत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडावे, पॉवरची बटणे काय करतील ते ठरवण्याच्या पानावर जावे आणि तेथे हायबरनेटपुढे खूण करावी. झाकण मिटल्यावर काय व्हावे, तेही तेथेच ठरते.

प्रवासात तर हे अगत्याचे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. रस्ता जागून झाला. त्यावरून जाताना पिशवीतल्या लॅपटॉपने तरी झोपावे! पण नव्या यंत्रांची स्लीप मोबाइलसारखी असते. ती आतून जागी राहून टपाल पाहते, नव्या सुधारणा उतरवते. बंद पिशवीत असे यंत्र तापते आणि मुक्कामी पोचेपर्यंत बॅटरी रिकामी होते. पिशवीत घालण्यापूर्वी हायबरनेट, हा नियम करावा.

आपोआप जाग येते तिचे कारण बहुधा साधे असते : टेबलाला धक्का लागून हललेला माऊस, नेटवर्कची हाक किंवा ठरावीक वेळी उठवणारा ‘वेक टायमर’. हा टायमर पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात बंद करता येतो. माऊसचा उठवण्याचा अधिकार ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये काढून घेता येतो. आणि पडदा काळाच राहिला, तर पॉवरचे बटण एकदा हलकेच दाबून पाहावे. लगेच दाबून धरू नये, कारण तसे केल्यास यंत्र सक्तीने बंद पडते आणि न जपलेले काम जाते. असे वारंवार होत असेल, तर पडद्याचा ड्रायव्हर नवा करून घ्यावा.

आता पासवर्डाची कटकट. ती तीन दारांनी येते. पहिले दार ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ व त्यातील ‘साइन-इन ऑप्शन्स’. दूर गेल्यावर पुन्हा ओळख केव्हा विचारावी, हे तेथे ठरते. काही यंत्रांत मिनिटांची मुदतही देता येते. दुसरे दार जुन्या स्क्रीनसेव्हरचे. त्याची खूण वेगळी असते आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तिसरे दार ‘डायनॅमिक लॉक’; जोडलेला मोबाइल घेऊन आपण दूर गेलो की यंत्र स्वतःच कडी लावते. चहाच्या तक्रारीचे मूळ कित्येकदा येथेच सापडते. कचेरीच्या यंत्रावर मात्र हे सारे वरून ठरलेले असते. तेथे हुज्जत घालून उपयोग नाही.

पासवर्ड बरोबर असूनही ‘चूक’ म्हणत असेल, तर कोपऱ्यातली भाषा पाहावी. रात्री मराठी टंकलेखन करून निजलेले यंत्र सकाळी मराठी कळफलक घेऊनच उठू शकते. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर यावे. कॅप्स लॉकही तपासावे.

मग ही कडी काढूनच का टाकू नये? पासवर्डाची कथा पाहा. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनी एकच संगणक अनेकांनी वापरण्याची सोय केली, आणि ज्याचे काम त्याच्यापुरते राहावे म्हणून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी अॅलन शेर या संशोधकाने जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! तात्पर्य, पासवर्ड जन्मला तो एका यंत्राभोवतीच्या अनेक माणसांसाठी.

आपल्या घरातला लॅपटॉप तसाच नाही काय? सकाळी त्यावर मुलीचा परीक्षेचा अर्ज, दुपारी वडिलांचे पेन्शनचे काम, रात्री धाकट्याचा खेळ. कडी काढली, तर घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे बँकेची कागदपत्रे उघडी पडतात. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे आणि लांब पासवर्डाऐवजी पिन किंवा बोटाचा ठसा ठेवावा. पिन त्या एका यंत्रापुरताच चालतो. तो कोणाला कळला तरी दुसऱ्या यंत्रावरून त्याला आपले खाते उघडता येत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण घराचे दार उघडे ठेवतो, पण तिजोरीची किल्ली उंबऱ्यावर ठेवीत नाही. लॅपटॉपची झोप जरूर सुधारा. कडी मात्र राहू द्या.